हंगेरीची चॉकलेट-चक्का कांडी जर्मनीत विकायची असेल, तर आधी दिवस मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही श्टुटगार्टजवळ नोकरी करता. बुडापेस्टला गेलात तेव्हा तिथे ‘तूरो रुदी’ खाल्लं: चक्क्यासारखं ताजं चीज, त्यावर चॉकलेटचं पातळ कवच, 30 ग्रॅमची कांडी, फ्रिजमधून काढून तशीच खायची. जर्मन सुपरमार्केटात ती दिसत नाही, म्हणून आणून विकावी असं मनात आहे. जम बसला की त्याच नावाखाली भारतातून पनीरचे मसालेदार तयार तुकडेही आणायचे आहेत. त्यासाठी आयातीचा परवाना कुठे मिळतो आणि एडेका-रेवे या सुपरमार्केट साखळ्यांच्या कपाटात जागा कशी मिळवायची, असं तुम्ही विचारलंय.

मी पश्चिम जर्मनीत थंड दुग्धपदार्थांच्या घाऊक खरेदीत बरीच वर्षं काम करते, त्या अनुभवातून सांगते. परवान्याचा भाग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. कपाटात पहिल्यांदा जागा मिळवणंही अशक्य नाही. हा धंदा अडतो तो दिवसांवर. कांडी तयार झाल्यापासून तिच्यावर छापलेल्या तारखेपर्यंत जितके दिवस असतात, त्यातले किती दुकानदाराच्या हाती पडतात आणि न विकल्या गेलेल्या कांडीचे पैसे कोण सोसतं, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. चव आवडली म्हणून सुरू झालेले आणि याच दोन गोष्टींपायी बंद पडलेले उद्योग मी जवळून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक खुलासा. पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर) असाल तर स्वतःचा व्यवसाय करायला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, आणि नोकरीच्या करारात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय तेही पाहावं लागतं. कायम वास्तव्याचा परवाना असेल तर पहिली अडचण उरत नाही. शिवाय कुठल्या डेअरीची कांडी घेणार त्यावर बरंच ठरेल. दही-चक्क्याला आंबवल्यानंतर पुन्हा हलकी उष्णता दिली तर आयुष्य वाढतं, न दिल्यास ते काही आठवड्यांतच संपतं. बाहेरून दोन्ही कांड्या सारख्याच दिसतात.

आता दिवसांचं गणित. समजा कांडीचं आयुष्य 30 दिवसांचं आहे. कारखाना माल तपासणीचे निकाल येईपर्यंत रोखून धरतो, म्हणजे तिसऱ्या दिवशी तो सुटतो. तुमचा माल थोडा, त्यामुळे आठवड्यातून एकदा निघणाऱ्या शीत ट्रकची वाट पाहायची, सहावा दिवस. जर्मनीतल्या शीतगृहात आठव्या दिवशी. लेबल लावायला एक दिवस धरा. म्हणजे दुकानांकडे माल निघायला नववा दिवस उजाडला. मोठे खरेदीदार साधारणपणे मागतात की माल त्यांच्या दारात येईल तेव्हा दोन तृतीयांश आयुष्य शिल्लक असावं. 30 दिवसांचे दोन तृतीयांश म्हणजे 20. तेव्हा दहाव्या दिवसापर्यंत माल त्यांच्याकडे पोचायला हवा. सगळा साठा विकून पोचवायला तुमच्याकडे एक दिवस राहिला! हेच आयुष्य 60 दिवसांचं असेल तर विसाव्या दिवसापर्यंत मुदत मिळते आणि तुमच्या हाती दहा-अकरा दिवस येतात. म्हणून मी कुठल्याही उत्पादकाला पहिला प्रश्न भावाचा विचारत नाही. माल कारखान्याच्या दारातून निघताना लेखी किती दिवस शिल्लक असतील, हे विचारते.

काही जण यावर उपाय म्हणून माल गोठवून आणायचं सुचवतील. गोठवून वितळवलेला पदार्थ विकताना लेबलवर तसं लिहावं लागतं, आणि चक्का गोठला की त्याचा मऊपणा जाऊन तो रवाळ होतो, पाणी सोडतो. उत्पादकाने मुळात गोठवण्यासाठी बनवलेलं उत्पादन असेल तरच या वाटेने जा. स्वतःच्या मनाने गोठवून नवी तारीख लावणं तर अजिबात नको.

दुसरं गणित पॅलेटचं, आणि नवीन माणूस इथे हमखास फसतो. एका युरो पॅलेटवर (माल रचायच्या ठरावीक मापाच्या लाकडी चौकटीवर) समजा 300 किलो माल बसला. 30 ग्रॅमच्या कांड्या म्हणजे 10,000 नग. तुम्ही धडपड करून 40 दुकानं मिळवलीत तरी दुकानामागे 250 कांड्या झाल्या. तारीख संपायला 20 दिवस असतील तर प्रत्येक दुकानाने रोज बारा-तेरा कांड्या विकायला हव्यात. जो पदार्थ त्या गल्लीत कुणाला ठाऊक नाही, त्याच्यासाठी हा वेग फार मोठा आहे. अर्धा पॅलेट मागवलात तर वाहतूक महाग पडते. यातून मार्ग एकच: आधीपासून हंगेरीहून माल आणणाऱ्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये दर आठवड्याला चार-पाच खोक्यांची जागा घ्या. नफ्यातला वाटा त्याला द्यावा लागेल, पण ताजेपणा तुमच्याकडे राहील.

मग पैसा. खालचे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुमचे वेगळे असतील, पण मांडणी हीच राहील. दुकानात कांडी 99 सेंटला. जर्मनीत अशा खाद्यपदार्थांवर मूल्यवर्धित कर 7 टक्के, तो काढला की साडेब्याण्णव सेंट. दुकानदाराने त्यातले 35 टक्के ठेवले की तुमच्या हाती साधारण 60. कारखान्याचा भाव 32, वाहतूक 6, शीतगृह आणि लेबल 5, दुकानोदुकानी पोचवणं 8, एकूण 51. उरले 9 सेंट. चांगलं दिसतं. पण शंभरातल्या 15 कांड्या तारीख उलटून फेकाव्या लागल्या आणि तो खर्च तुमच्यावर आला, तर विकल्या गेलेल्या प्रत्येक कांडीवर 51 ऐवजी 60 सेंट पडतात. नफा शून्य. शंभरातल्या पंधरा हे काही भयंकर प्रमाण नाही. नव्या थंड मालाच्या पहिल्या महिन्यांत याहून जास्त जातं. म्हणून माल टाकून देण्याचं प्रमाण हा तुमच्या हिशेबाच्या वहीतला पहिला रकाना असू द्या. विक्री किती झाली ते नंतर पाहा.

फेकलेल्या मालाचा खर्च कुणी सोसायचा, याबाबत कायदा तुमच्या बाजूचा आहे हे माहीत असू द्या. युरोपीय संघाच्या 2019/633 या निर्देशानुसार नाशवंत मालाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने 30 दिवसांत द्यायचे असतात, आणि ऐनवेळी मागणी रद्द करता येत नाही. जर्मनीने 2021 मध्ये आपल्या कायद्यात ते आणताना आणखी पुढे जाऊन न विकलेला माल पैसे न देता पुरवठादाराला परत करण्यावरही बंदी घातली. प्रत्यक्षात काय होतं? दुकानदार माल परत करत नाही, पुढची ऑर्डर देत नाही. म्हणून मी स्वतः सुरुवातीला लहान ऑर्डर घ्यायला लावते. दोन खोकी मागणाऱ्याला एकच देते. कपाट चार दिवस रिकामं राहिलं तरी चालेल. तारीख उलटलेला गठ्ठा दुकानदाराच्या डोळ्यांसमोर राहिला तर तो माल त्याच्या मनातून उतरतो.

आता दुकानं कुठली, ते पाहू. एडेका, रेवे, आल्डी आणि लिडल-कॉफलँडचा श्वार्त्झ समूह, या चौघांकडे जर्मनीतल्या किराणा विक्रीचा 85 टक्क्यांहून अधिक हिस्सा आहे. त्यांच्या मध्यवर्ती खरेदी कार्यालयाकडे एका कांडीसाठी जाऊ नका. ते आयएफएस किंवा बीआरसीजीएस हे अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र, अखंड पुरवठ्याची हमी आणि जाहिरातीचा खर्च मागतील. पण एडेका आणि रेवेची बरीच दुकानं स्वतंत्र मालक चालवतात, आणि त्यांना काही माल स्थानिक पुरवठादाराकडून थेट घेण्याची मोकळीक असते. तुमची सुरुवात तिथे होऊ शकते. मालकाला प्रत्यक्ष भेटा, सकाळी नऊच्या आत, हातात थंड पिशवी घेऊन. जागा मागताना फेर्रेरोच्या किंडर पिंगुई आणि मिल्श-श्निट्टे यांच्या शेजारची मागा. जर्मन गिऱ्हाइकाला फ्रिजमधला गोड खाऊ या दोघांमुळे आधीच माहीत आहे, त्यामुळे कांडी काय आहे ते त्याला सांगावं लागत नाही. क्वार्कच्या (जर्मन चक्क्याच्या) डब्यांच्या रांगेत ठेवलीत तर ती हरवून जाईल.

एक गैरसमजही दूर करते. जर्मनीत ही कांडी मिळत नाही असं नाही. पूर्व युरोपीय मालाच्या मिक्स मार्कटसारख्या दुकानांत चॉकलेट लावलेल्या चक्क्याच्या कांड्या फ्रिजमध्ये असतात. लाटवियाची ‘कारुम्स’ पाहा. मूळ कल्पना सोव्हिएत संघातली, हंगेरीत ती 1968 मध्ये बाजारात आली आणि मातेसाल्का या गावातल्या डेअरीने ती घराघरांत नेली. ज्यांचं बालपण हे खाऊन गेलं ते गिऱ्हाईक आपल्या दुकानातून घेतंच आहे, आणि भावाबद्दल ते फार जागरूक असतं. तुम्हाला हवंय ते दुसरं गिऱ्हाईक, ज्याने ती कधी खाल्ली नाही. त्याला पहिली कांडी फुकटच द्यावी लागते. चव द्यायचे दोन-तीन शनिवार खर्चात धरा, आणि त्यानंतरच्या आठवड्यात, तुम्ही दुकानात उभे नसताना किती कांड्या गेल्या, तेवढाच आकडा खरा माना.

लेबलवर मी लोकांना सगळ्यात जास्त थांबवते. युरोपीय संघाच्या नियम 1169/2011 नुसार माहिती गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत हवी, जर्मनीत म्हणजे जर्मनमध्ये. घटक, ठळक केलेले ॲलर्जीकारक पदार्थ (दूध, लेसिथिनमधलं सोया, सुकामेवा), पोषणमूल्यं, तारीख, साठवणुकीचं तापमान, जबाबदार व्यवसायाचं नाव-पत्ता, हे सगळं त्या लहानशा वेष्टनावर. सर्वांत मोठी बाजू 80 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर अक्षराची किमान उंची 1.2 ऐवजी 0.9 मिलिमीटर चालते. कांडीला ही सवलत मिळते, तरीही जागा पुरत नाही. चिकटपट्टी लावताना बॅच क्रमांक, तारीख आणि डेअरीच्या मान्यता क्रमांकाचा अंडाकृती शिक्का झाकला जाता कामा नये. शिवाय थंड, ओलसर वेष्टनावर साधा गोंद सुटतो. शीत मालासाठीचाच गोंद मागा. माझी पसंती पाच कांड्यांच्या पॅकला. बाहेर कागदी पट्टा, त्यावर सगळी माहिती नीट वाचता येईल अशी. गिऱ्हाईकही पाच घेतं, आणि सुट्या कांड्या विकायच्या नाहीत हे दुकानदाराला स्पष्ट सांगता येतं.

दोन शब्द सांभाळून वापरा. पहिला, चॉकलेट. कवच कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं असेल तर जर्मन लेबलवर ते ‘कोकोयुक्त चरबीचं कवच’ होतं. चॉकलेट म्हणण्याची अट 2000/36 या निर्देशात बांधलेली आहे. दुसरा, प्रोटीन. तुम्ही ‘प्रोटीनयुक्त खाऊ’ म्हणून जाहिरात करायचं लिहिलंय. नियम 1924/2006 सांगतो की ‘प्रोटीनचा स्रोत’ म्हणायला किमान 12 टक्के ऊर्जा प्रोटीनमधून यायला हवी, ‘भरपूर प्रोटीन’ म्हणायला 20 टक्के. समजा 100 ग्रॅममध्ये 380 किलोकॅलरी आणि 10 ग्रॅम प्रोटीन आहे. 10 ग्रॅमच्या 40 किलोकॅलरी, म्हणजे साडेदहा टक्के. दावा बसत नाही. चक्का आहे म्हणजे प्रोटीन आहेच असं धरून पट्टे छापून घेऊ नका.

आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. चीज घट्ट करायला वापरलेलं रेनेट प्राणिज असू शकतं, आणि ते घटकांच्या यादीत बहुतेक वेळा दिसत नाही. तुम्ही भारतीय किराणा दुकानांतही विकणार असाल तर उत्पादकाकडून रेनेट आणि जिलेटिनबद्दल लेखी घ्या. शाकाहारी माणसाला तोंडी आश्वासनावर खाऊ घालणं मला पटत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा लिस्टेरियाचा. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. नियम 2073/2005 नुसार आम्लता 4.4 पीएच किंवा त्याखाली असेल तर तिथे त्याची वाढ होत नाही असं मानतात. चक्का साधारण त्या रेषेच्या आसपास असतो, म्हणून उत्पादकाचा शेल्फ-लाइफचा अभ्यास मागून घ्या. 1 जुलै 2026 पासूनच्या सुधारित नियमाने, जंतूंची वाढ मर्यादेत राहते हे उत्पादकाने सिद्ध केलं नसेल तर 25 ग्रॅममध्ये लिस्टेरिया आढळता कामा नये ही अट कारखान्याच्या दाराशी थांबत नाही, विक्रीच्या शेवटच्या दिवसापर्यंत लागू राहते. म्हणजे तो कागद तुमच्याही संरक्षणाचा आहे. वाहतुकीत प्रत्येक खेपेला तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा. ताज्या चीजसाठी आंतरराष्ट्रीय शीतवाहतुकीच्या एटीपी करारात 6 अंश किंवा लेबलवरचं तापमान धरलेलं आहे. थंडीतून उबेत आणि परत थंडीत गेलं की कवचावर दव धरतं, मग पांढरे डाग पडतात. ते साखरेचे असतात, पण गिऱ्हाइकाला बुरशी वाटते आणि ते परत येत नाही.

कागदपत्रं भराभर सांगते, कारण यात फार विचार करण्यासारखं नाही. हंगेरीहून जर्मनीत येणारा माल कायद्याने आयात नाहीच, तो युरोपीय संघांतर्गत व्यापार आहे. सीमाशुल्क नाही, परवाना नाही. लागतं ते असं: स्थानिक व्यवसाय नोंदणी, खाद्य निरीक्षण कार्यालयाकडे नोंदणी, मूल्यवर्धित कराचा क्रमांक (हंगेरियन बिल करमुक्त येतं, कर तुम्ही जर्मनीत दाखवून वजावट घेता), आणि वेष्टनांसाठी लुसिड या जर्मन नोंदवहीत नोंदणी व पुनर्वापर यंत्रणेचं शुल्क. लुसिड माल विकण्याआधी करायची, नंतर नाही. 12 ऑगस्ट 2026 पासून लागू होणारा युरोपचा नवा पॅकेजिंग नियमही नजरेखाली घाला. स्वतःचं शीतगृह उभारू नका, मान्यताप्राप्त शीतगृहात जागा भाड्याने घ्या. माल कुणाकडून आला आणि कुणाला गेला याची बॅचनिहाय नोंद ठेवा. उत्पादन दायित्वाचा विमा घ्या, आणि त्यात माल परत मागवण्याचा खर्च धरलाय का ते विचारा.

भारतातल्या पनीरचं मात्र स्वप्न बाजूला ठेवा. संघाबाहेरून दुग्धपदार्थ आणायचा तर तो देश मान्य यादीत हवा, दुधातल्या औषध-अवशेषांवर नियंत्रणाचा त्याचा आराखडा मंजूर हवा, कारखाना नाव घेऊन यादीत हवा, आणि प्रत्येक खेपेला आरोग्य प्रमाणपत्र व सीमेवर तपासणी. दुधाच्या बाबतीत भारतासाठी ही साखळी पूर्ण झालेली नाही. पनीर भरलेला, थंड ठेवावा लागणारा समोसाही याच नियमात अडकतो. (प्रवाशाच्या बॅगेतले पेढेसुद्धा नियमाने आणता येत नाहीत, हे आपल्याकडे कित्येकांना ठाऊक नसतं.) पनीर करायचंच असेल तर युरोपातल्या डेअरीकडून बनवून घ्या. इथल्या डेअऱ्या पनीर बनवतात, आणि मसाला तुमचा असू शकतो. ब्रिटनचा विचार असेल तर तो आता संघाबाहेर आहे: 2024 पासून तिथे जाणाऱ्या अशा मालाला आरोग्य प्रमाणपत्र आणि सीमेवरच्या तपासण्या लागू झाल्या आहेत. लहान खेपेला तो खर्च पेलत नाही.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात दोन-तीन डेअऱ्यांना लिहा आणि चार गोष्टी विचारा: दारातून निघताना शिल्लक दिवस, जर्मनीत आधीच कुणाला विक्रीचे हक्क दिलेत का, शेल्फ-लाइफचा अभ्यास, आणि रेनेट कुठलं. ब्रँडच्या मालकाने युरोपात विकलेला माल तुम्ही त्याच्या संमतीशिवायही पुन्हा विकू शकता, पण मग ताज्या मालाची हमी आणि माल परत मागवण्याची सूचना तुमच्यापर्यंत वेळेत येणार नाही. म्हणून करार करूनच घ्या. उत्तर 45 दिवसांच्या खाली आलं तर साखळी दुकानं विसरा आणि आधी मागणी नोंदवून आठवड्याला एकदाच पोचवता येईल अशी दहा-बारा दुकानं, कार्यालयांची कँटीन पाहा. 60 च्या वर आलं तर स्वतंत्र एडेका मालकांना भेटायला निघा. तोवर एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडून इथेच असलेल्या, जर्मन लेबल लावलेल्या कांड्यांची काही खोकी घ्या, दोन दुकानांत ठेवून पाहा, आणि तिसऱ्या आठवड्यात किती विकल्या, किती फेकल्या ते मला कळवा. त्या दोन आकड्यांवरून पुढचं बोलता येईल.